वानराची उडी, घोयऱ्याची पकड

वानर आणि घोयरा सरडा यांच्यात साम्य काय आणि भेद काय, हा प्रश्न माझ्या यजमानांनी शाळेतल्या चौथीच्या मुलांना घातला, आणि त्याचं उत्तर पुढं वर्षभर मला सासरी आणि माहेरी देत बसावं लागलं. मुलांची घटका दोन घटकांची करमणूक झाली. माझ्या मात्र गळ्याशी आलं.

माझं माहेर कोपरगावचं. वडील गोदावरीच्या काठच्या एका लहानशा मारुतीचे पुजारी. देऊळ लहान, पण समोरचा पिंपळ चांगला मोठा, आणि त्या पिंपळावर वानरांची टोळी. लाल तोंडाचं, केळ्यासाठी दात विचकणारं माकड वेगळं. ही वानरं काळ्या तोंडाची, करड्या अंगाची, लांब शेपट्या खाली सोडून पंक्तीला बसल्यासारखी फांदीवर बसायची. पूजा आटोपली की वडील भिजवलेले हरभरे पारावर टाकत आणि उभे राहून त्यांच्याशी बोलत. माणसांशी त्यांचं बोलणं बेताचंच होतं. देवाला शेंदूर लावला की तेच बोट ते स्वतःच्या कपाळाला पुसत. त्या शेंदराच्या पट्ट्याशिवाय त्यांचं कपाळ मी कधी पाहिलं नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. माझ्या आधी एक भाऊ झाला होता, तो पाचव्या वर्षी पटकीनं गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचं नाव आईनं मला एकदाच सांगितलं, तेही वडील देवळात गेलेले असताना, आणि वर बजावलं, ‘‘यांच्यासमोर हे नाव काढायचं नाही हो.’’ चुलीपाशी चपला नेत नाहीत, तसं हे नाव घेत नाहीत, असा घरातला एक नियम म्हणून मी ते धरून चालले. लहानपणी नियमांची कारणं कोण विचारतं?

लग्न झालं ते लढाईच्या दिवसांत. यजमान लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर, ट्रेनिंग झालेले. आईवडील नाहीत, एक थोरली बहीण नगरला दिलेली. माणूस शांत. इतका शांत, की माझ्यासारख्या तोंडाळ बाईला भांडणही एकटीनंच पुरं करावं लागे. लग्नानंतर त्यांची बदली पाथर्डीकडच्या एका गावी झाली. कोपरगावाहून नगरपर्यंत आगगाडी, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, ती चढाला थांबली की उतारूंनी उतरून चालायचं, आणि शेवटी बैलगाडी. गावाच्या शिवेवर एक ओढा होता. तिथं गाडीवानानं बैल थांबवले आणि माझ्याकडं वळून विचारलं, ‘‘बाई, टरंकंत देव हायेत का?’’

‘‘आहेत की.’’

‘‘कोन कोन?’’

मला गंमत वाटली. मी बोटांवर मोजत सांगितलं, ‘‘गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, मारुती...’’

गाडीवानानं दोन्ही कानांना हात लावला. ‘‘त्यो देव हितं चालत न्हाई. त्याचं नाव बी घ्यायचं न्हाई बगा.’’

मग त्यानं समजावून सांगितलं. गावाचं दैवत दैत्य. त्याची आणि मारुतीची फार पूर्वी झुंज झालेली. तेव्हापासून या गावात मारुतीचं देऊळ नाही, तसबीर नाही, पोराला ते नाव ठेवत नाहीत. कुणाचा जावई त्या नावाचा निघाला, तर गावात असेपर्यंत त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुजाऱ्याची मुलगी मी, आणि मला देव शिवेवर ठेवायला सांगतात! यजमानांनी मात्र ट्रंक उघडली, वडिलांनी दिलेला पितळी मारुती धुतल्या उपरण्यात गुंडाळला आणि त्याच गाडीवानाबरोबर परत पाठवून नगरला बहिणीच्या देवघरात पोचता केला. सून घरात यायच्या आधी देव घराबाहेर गेला.

‘‘तुम्हाला काहीच वाटत नाही?’’ मी विचारलं.

‘‘वाटतं,’’ ते म्हणाले. ‘‘पण नाव न घेतल्यानं देव काही कमी होत नाही. मी नाव घेतलं तर शाळेतली मुलं मात्र कमी होतील.’’

गाव वाईट नव्हतं, हे मला पुढं कबूल करावं लागलं. पहिल्या दिवशी चूल पेटायच्या आत पाटलीणबाईंनी भाकरी आणि पिठलं पाठवलं. डोंगरावरची वानरं हरभऱ्यात उतरली की गोफणी सुटत, पण त्यापलीकडं त्यांच्याशी वैर असं नव्हतं. पारावर बोलावून खायला घालायचं नाही, एवढंच. वानर हा शब्दही मोठी माणसं टाळत. ‘काळतोंडे’ म्हणत.

चावडीच्या पुढच्या अंगाला शाळा आणि मागच्या खोलीत आमचा संसार. मधे कुडाची भिंत. त्यामुळं चौथीपर्यंतचा अभ्यास माझाही पुन्हा एकदा झाला. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एक दिवस बाहेर एकदम कालवा झाला. शेराच्या कुंपणावर घोयरा निघाला होता आणि मुलांनी दगड उचलले होते. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. पाटलीणबाई माझ्यापाशी धान्य निवडत बसल्या होत्या, त्या धडपडत उठल्या.

‘‘अगं बया! मास्तरानं हातात घ्येतला की त्यो! इखारी जनावर हाय त्ये. आन् तू भाईर जाऊ नगंस. पोटुशीनं घोयरा बघू नये.’’

बघू नये म्हटल्यावर मी बघितला नसता तर नवल. यजमानांच्या बाहीवर तो बसला होता. नेहमीचा सरडा कसा सरसर पळतो, तसं याचं काही नाही. एक पाय उचलायचा, तो हवेतच धरायचा, पुढंमागं झुलायचा आणि उंबरठ्यावर शकुन बघत थबकलेल्या माणसासारखा विचारात पडायचा. एक डोळा यजमानांकडं, दुसरा माझ्याकडं. बोटं अशी दोन जुडग्यांत वाटलेली, की पाय कसला, चिमटाच. मला हसू आलं. पाटलीणबाईंनी माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

यजमानांनी तिथंच वस्तुपाठ सुरू केला. ‘‘वानर आणि घोयरा. दोघांत सारखं काय?’’

‘‘दोगं बी झाडावं ऱ्हात्यात.’’

‘‘दोगास्नी बी फांदी धराय येती.’’

‘‘वेगळं काय?’’

‘‘वानराला घरची मानसं असत्यात, गुर्जी. घोयरा येकटाच.’’

‘‘वानराचं दोनी डोळं म्होरं. ह्येचं दोन दिशंला.’’

‘‘वानर पळतंय. घोयरा नुस्ताच इचार करतंय.’’

सगळी हसली. यजमानही हसले, आणि मग त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. वानराची शेपटी लांब, पण तिनं त्याला फांदी धरता येत नाही. घोयऱ्याला येते. वानर उडी मारतं तेव्हा आधी हातातली फांदी सोडतं आणि मग पुढची धरतं. मधे ते कुठंच नसतं. घोयरा पुढची फांदी पक्की धरल्याशिवाय मागची सोडत नाही, म्हणून तो सावकाश. एक मुलगा म्हणाला, ‘‘पन घोयरा लबाड असतोय गुर्जी. रंग बदलतोय.’’

‘‘बघा की नीट,’’ यजमान म्हणाले. ‘‘तुम्ही दगड उचलले तेव्हा तो काळवंडला होता. आता ऊन लागलं, भीती गेली, तर हिरवा झाला. त्याच्या पोटात जे असतं ते अंगावर येतं. वानर भ्यालं काय आणि रागावलं काय, त्याचं तोंड काळंच. आता लबाड कोण, ते तुम्ही ठरवा.’’

मग त्यांनी घोयरा परत कुंपणावर सोडला. ‘‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत,’’ असं म्हणून हात झटकले.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला कोपरगावला आले, आणि माझ्या जिभेला हाड नसल्यामुळं हा सगळा वस्तुपाठ साभिनय वडिलांना करून दाखवला. घोयऱ्याची चाल, पाटलीणबाईंच्या मिरच्या, सगळं. आई हसत होती. वडीलही आधी ऐकत होते. बोलण्याच्या भरात गावातल्या नावाची गोष्ट निघाली. देव परत पाठवल्याचं मी आजवर त्यांना सांगितलं नव्हतं, तेही बोलून गेले.

‘‘आणि जावईबापू?’’ त्यांनी विचारलं. ‘‘ते काय म्हणतात त्याला?’’

‘‘गावात काहीच म्हणत नाहीत. घरात ‘तो देव’ म्हणतात.’’

वडिलांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. ‘‘म्हणजे सरडाच की. गाव बदललं, रंग बदलला.’’

‘‘अण्णा, घोयरा तसा नसतो. त्याच्या पोटात असतं ते...’’

‘‘पुरे,’’ ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

माघात मला मुलगा झाला. तेव्हा कळलं, की वडिलांनी नवस केला होता: मुलगा झाला तर त्याचं नाव मारुतीचं. आता काय करावं? बारशाला यजमान आले, नगराहून नणंद आली. पाळणा बांधला, बायका जमल्या, घुगऱ्यांचं पातेलं भरून तयार. आत्यानं कानात नाव सांगायचं, म्हणून नणंदेनं विचारलं, ‘‘नाव काय सांगू?’’

वडिलांनी नवसाचं सांगितलं. यजमान हळूच म्हणाले, ‘‘अण्णा, त्याला त्या गावात वाढायचंय. या नावानं त्याला एक माणूस हाक मारणार नाही. आणि नाव असतं ते हाक मारायलाच.’’

आईनं तोड काढली, पाळण्यातलं एक ठेवा आणि हाकेचं दुसरं ठेवा. वडील म्हणाले, ‘‘म्हणजे देवाला फसवू?’’ यजमान म्हणाले, ‘‘आणि मुलाला?’’ त्या दिवसात दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. नणंद पाळण्याशी वाकलेली तशीच उभी राहिली. शेवटी नाव न ठेवताच घुगऱ्या वाटल्या. गोदाकाठच्या बायकांनी तोंडात बोटं घातली.

सासऱ्यानं जावयाला उलट बोलायचं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पारावर हरभरे टाकताना वानरांशी मोठ्यानं बोलले. ‘‘खा बाबांनो. तुमचं तोंड काळं ते जाल तिथं काळंच. काहींचं गावागणिक बदलतं.’’ लेकी बोले सुने लागे. यजमान नदीवरून अंघोळ करून येत होते. तेही वानरांसमोर उभे राहिले आणि त्यांनाच म्हणाले, ‘‘तुम्ही बरे. फांदी सोडायची वेळ आली की सोडता.’’ एका हुप्प्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि हरभरे घेऊन वर गेला. मला दोघांचीही चीड आली.

चैत्रात मी परत निघाले. वडिलांनी बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि त्यानं त्यांचं जानवं मुठीत घट्ट धरलं होतं. ते सोडवता सोडवता वडील म्हणाले, ‘‘ज्या गावात माझ्या देवाचं नाव चालत नाही, त्या गावचं पाणी मला चालत नाही. तू येत जा. मी येणार नाही.’’ मूठ काही केल्या सुटत नव्हती, आणि सोडवायची त्यांना घाईही दिसत नव्हती.

गावात जो तो विचारी, पोराचं नाव काय? मी म्हणे, बाळ. ‘‘बाळ तर समदीच असत्यात,’’ पाटलीणबाई म्हणाल्या. दिवस जात राहिले. सहावा महिना लागला आणि उष्टावणाची वेळ आली. पहिला घास मामानं भरवायचा. मामा तर नव्हता. मग तो मान आजोबांचा. यजमान म्हणाले, ‘‘मी भरवतो. शास्त्रात काही अडत नाही.’’ शास्त्रात अडत नसेल, माझ्यात अडत होतं. मला उघड दिसत होतं, की हा घास वडिलांवाचून बाळाच्या तोंडात पडला तर ते पुन्हा कधी येणार नाहीत, आणि मग मला बाप असून नसल्यासारखा. भीती मला एवढीच होती, आणि ती रात्रंदिवस होती.

‘‘तुम्ही दोघं खुशाल भांडा,’’ मी यजमानांवर ओरडले. ‘‘पोराला ना नाव, ना भात!’’ आणि नगरला जाणाऱ्या माणसाबरोबर नणंदेकरवी कोपरगावला तोंडी निरोप धाडला: ‘‘अण्णांना म्हणावं, तुमच्या देवानं समुद्र ओलांडला. तुम्हाला एक ओढा ओलांडता येत नाही?’’

निरोप गेल्यावर माझं मलाच वाटलं, बापाला असं बोलतात का? पण शब्द गेला तो गेला.

श्रावणात उष्टावणाच्या ठरलेल्या दिवशी दुपारी आई एकटीच चावडीशी गाडीतून उतरली. गाडीवान म्हणाला, ‘‘म्हातारबाबा वढ्याच्या पल्याड बसल्यात. म्होरं येत न्हाई म्हनत्यात.’’

मी बाळाला काखेला मारलं आणि निघाले. यजमानांनी पाट आणि खिरीची वाटी घेतली. मागून आई, तिच्यामागून पाटलीणबाई. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडं बाभळीखाली वडील बसले होते, कपाळाला ठसठशीत शेंदूर. आमच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते बाभळीकडं बघत होते. तिथल्या खालच्या फांदीवर घोयरा होता. गाडीवान आमच्याबरोबर आला होता, त्यानं काठी उगारली.

‘‘राहू दे रे,’’ वडील म्हणाले. ‘‘आमच्या जावयांचा माणूस आहे तो.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘मघापासून बघतोय. पुढचा पाय रुतल्याशिवाय मागचा सोडत नाही गं हा.’’

पाटलीणबाई अलीकडच्या काठावरच थांबल्या. आम्ही पाण्यातून पलीकडं गेलो. पाट मांडला. यजमान वडिलांच्या पाया पडले आणि तसेच बसून म्हणाले, ‘‘अण्णा, नाव तुम्ही ठेवा. नवसाचं ठेवलंत तरी माझी ना नाही. मी बदली मागून घेतो.’’

मी चमकले. या शाळेवर त्यांचा जीव होता. घरोघरून पोरं ओढून आणली तेव्हा कुठं ती शाळा दिसायला लागली होती. ती फांदी त्यांनी एका वाक्यात सोडून दिली, आणि पुढची हाताला लागेल की नाही याचा विचारही केला नाही.  वडिलांचा चेहरा आधी काळवंडला, मग निवळला.

‘‘आण त्याला,’’ ते म्हणाले.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. आईनं बोटातली अंगठी काढून दिली. अंगठी खिरीत बुडवून त्यांनी त्याच्या ओठांना लावली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि मग मिटक्या मारल्या. वडील त्याच्या कानाशी वाकले. कानात काही बोलले. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते नाव मोठ्यानं म्हणाले.

ते मारुतीचं नव्हतं. आईनं तोंडाला पदर लावला, तेव्हा मला उमजलं. माझ्या भावाचं नाव होतं ते. या गावात एक नाव घेत नाहीत म्हणून वडील वर्षभर रागावले होते, आणि आमच्या घरात हे एक नाव माझ्या जन्माआधीपासून कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मला रडू फुटलं. यजमानांना काहीच ठाऊक नव्हतं, ते नुसतेच बावरून बघत राहिले.

‘‘आणि नवस?’’ आईनं विचारलं.

‘‘त्याचं मी बघतो. सांगतो त्याला समजावून. आमची जुनी ओळख आहे.’’

पलीकडून पाटलीणबाईंनी नाव ऐकलं होतं. एवढे महिने त्या नावासाठी खोळंबलेल्या, त्यांना कुठला धीर! हात पसरून त्यांनी भरड्या आवाजात, ओढा दणाणेल अशी त्या नावानं हाक मारली. ‘‘ये रं माज्या राजा, ये! हिकडं ये घरी!’’

वडिलांनी मान झटक्यात तिकडं वळवली. त्या नावाची हाक त्यांनी किती वर्षांनी ऐकली असेल! ते उठले. बाळाला माझ्याकडं न देता तसंच एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं धोतर आवरून पाण्यात उतरले. ओढ्याच्या मधोमध थांबले. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, कपाळावरचा शेंदूर स्वच्छ धुऊन काढला आणि पलीकडच्या काठाला लागले. त्यांचं कपाळ इतकं गोरं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर पाटावर बसायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्याभांडं पुढं केलं. एक भांडं ते उभ्यानंच प्यायले आणि दुसरं मागून घेतलं.